उंदराने नेलेली वात ते गॅस गीझर : ठाणे-कल्याणच्या घरांत आगीची वर्दी देणार कोण?

१/
सतराव्या शतकातील सत्तरीचे दशक. पावसाळा तोंडावर आला आहे आणि चिपळूण परिसरात मराठ्यांच्या घोडदळाची छावणी पडली आहे. छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांचे एक सविस्तर पत्र पोचते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आज्ञेमुळे ते पत्र महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. त्याच पत्रात आगीविषयीचा एक मोठा मजकूर आहे, त्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हा धागा त्या मजकुरापासून सुरू होतो आणि आजच्या ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील सदनिकांपर्यंत जातो.

२/
पत्रातील आशय असा : कोणी कुठेही चूल मांडील, कोणी वाऱ्याचा विचार न करता गवताजवळ तंबाखू ओढील, आणि एका ठिणगीने चाऱ्याच्या गंजी व खोपट्या जळून जातील. चारा गेला की घोडी मरतील. रात्री जळता दिवा ठेवून लोक झोपले, तर उंदीर ती पेटती वात ओढून नेईल, असेही त्यात बजावले आहे. गुन्हेगाराला नंतर कितीही कठोर शिक्षा केली, तरी जळालेले परत येत नाही, हा त्यामागचा विचार आहे.

३/
आधुनिक अग्निसुरक्षाशास्त्राची तीन सूत्रे या मजकुरात सापडतात. आगीचे कारण बहुधा क्षुल्लक असते. ती लागते तेव्हा माणसे झोपलेली असण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. आणि शिक्षेपेक्षा पूर्वदक्षता मोलाची असते. पत्रात उत्तर नसलेला प्रश्न एकच आहे : सगळे झोपलेले असताना वात पेटली, तर जागे करणार कोण? त्या काळी त्याचे उत्तर पहारेकरी हेच होते. त्यासाठी यंत्र तयार व्हायला आणखी अडीच शतकांहून अधिक काळ जावा लागला.

४/
येथे एका शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मराठीत ‘बंब’ म्हणजे आग विझवणारी गाडी, आणि ‘बंब’ म्हणजेच आंघोळीचे पाणी तापवणारे तांब्याचे उभे भांडे. पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, हे लक्षात घेतले तर हा शब्द या भागाला परका नाही. एक बंब आग पोटात बाळगतो आणि दुसरा ती विझवतो. या कथेत पुढे दोन्ही येतात.

५/
जुन्या कल्याणची घरे डोळ्यांसमोर आणावीत : पारनाक्याच्या परिसरातील वाडे, लाकडी तुळया आणि खांब, वर कौले. स्वयंपाकघरात चूल, न्हाणीघरात बंब, देवघरात समई. ठाण्याची जुनी वस्तीही अशीच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि वस्ती वाढू लागली. आगीला लागणारे सारे साहित्य या घरांत हाताशी होते. तरीही तेथे एक संरक्षण होते, ते म्हणजे मोकळेपणा.

६/
वाड्यात धूर कौलांतून बाहेर पडे. एका बिऱ्हाडात काही जळले, तर चौकापलीकडच्या बिऱ्हाडाला वास येई आणि हाक मारली जाई. पुढे चाळी आल्या, त्यांच्या सामाईक गॅलरीनेही हेच काम केले. दारे दिवसभर उघडी असत आणि शेजारी हाच धोक्याचा भोंगा असे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, लाकडी घरे जळतही असत. परंतु आगीची पहिली वर्दी माणसाकडून माणसाकडे जाई, हे खरे.

७/
डोंबिवलीत १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. मुंबईतील घर न परवडणारा मध्यमवर्ग लोकल गाडीच्या भरवशावर डोंबिवली-कल्याणला येऊन राहू लागला. तळमजला अधिक तीन वा चार मजल्यांच्या, उद्वाहन नसलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे आणि पुढल्या वर्षी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती.

८/
काँक्रीटचे घर लाकडी घरासारखे पेटत नाही, त्यामुळे ते सुरक्षित वाटते. मात्र त्याच्या आतील जग बदलले होते. फोमची गादी, कृत्रिम धाग्याचे पडदे, प्लायवूडची कपाटे, विजेची वाढती उपकरणे. हे सारे जळताना दाट, काळा आणि विषारी धूर निघतो. दार बंद, खिडक्या वातानुकूलनासाठी बंद, आणि चोरांच्या भीतीने बाल्कनीला बॉक्स ग्रिल. धुराला बाहेर जायला वाट नाही आणि माणसालाही नाही. शेजाऱ्याला वास येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

९/
आगीत माणसे जळून मरतात, हा समज इतिहासाने वारंवार खोटा ठरवला आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गेले ते गुदमरून. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बालके दगावली. त्यांपैकी तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे राज्य सरकारने तेव्हा सांगितले. धूर ज्वाळेच्या आधी पोचतो, म्हणून वर्दीही ज्वाळेची वाट न पाहता धुरावरच मिळायला हवी.

१०/
धूर ओळखणाऱ्या यंत्राचा जन्म अपघाताने झाला, असे सांगितले जाते. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवू पाहत होते. वायूची नोंद होईना. निराश होऊन त्यांनी सिगारेट पेटवली आणि मापकाचा काटा हलला. वायू नव्हे, तर धुराचे सूक्ष्म कण उपकरणाला कळले होते. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांनी बॅटरीवर चालणारे, घरात लावण्याजोगे स्वस्त यंत्र विकसित केले. सत्तरीच्या दशकात ते अमेरिकी घरांत पोचले.

११/
या यंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अतिसूक्ष्म अंश हवेत विद्युतप्रवाह निर्माण करतो. धुराचे कण आले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्यात प्रकाशकिरण असतो. धुरावरून तो विखुरला की यंत्र जागे होते. भडकणाऱ्या आगीला पहिला प्रकार लवकर ओळखतो, तर गादीतल्या धुमसत्या आगीला दुसरा. घरातील रात्रीच्या आगी अनेकदा धुमसतच सुरू होतात, म्हणून शयनगृहाजवळ दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरतो.

१२/
‘नाक आहेच की, यंत्र कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु झोपेत नाक विश्वासू पहारेकरी नसते. २००४ मध्ये अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी झोपलेल्या व्यक्तींना तीव्र वास देऊन पाहिले. गाढ झोपेत वासाने लोक जागे होईनात, आवाजाने मात्र जागे होत. कान झोपेतही काम करतो. धुराचा भोंगा या एका साध्या शारीरिक सत्यावर उभा आहे : नाकाला न कळणारे तो कानाला कळवतो.

१३/
आता दुसरा शत्रू, कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. इंधन अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले की तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. डोके दुखते, मळमळते, थकवा येतो आणि माणूस विश्रांतीसाठी आडवा होतो. तीच त्याची शेवटची चूक ठरू शकते.

१४/
या वायूचा पहिला ‘अलार्म’ सजीव होता. १८९० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणकामगारांनी लहान प्राणी वा पक्षी सोबत न्यावा, असे सुचवले. कॅनरी पक्ष्याचा श्वसनवेग जास्त असल्याने तो माणसाच्या आधी कोसळे आणि कामगारांना पळायला वेळ मिळे. ब्रिटिश खाणींतून कॅनरी निवृत्त झाले ते थेट १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर. घरांसाठी सक्तीचे पहिले मोठे पाऊल १९९४ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहराने उचलले.

१५/
ठाणे-कल्याणमध्ये हा वायू कोठून येणार? येथे थंडीत शेकोटी-शेगडी लावून झोपण्याची सवय नाही. उत्तर न्हाणीघरात आहे. तांब्याचा बंब गेला आणि त्याच्या जागी अनेक घरांत गॅस गीझर आला. काम तेच, म्हणजे आग पेटवून पाणी तापवणे. बंबाचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून लोक तो अंगणात वा खिडकीशी ठेवत. गीझरची ज्योत निळी आणि निर्धूर दिसते, म्हणून तो चार बाय सहा फुटांच्या बंद न्हाणीघरात भिंतीवर बसवला जातो.

१६/
दार-खिडकी बंद असलेल्या त्या खोलीत ज्योत प्राणवायू खात जाते. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. आंघोळ करणारा बेशुद्ध पडतो. बाहेरच्यांना वाटते, आज आंघोळीला वेळ लागतो आहे. मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आलेले घाटकोपरचे एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा संशयाची सुई गॅस गीझरकडेच गेली होती. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. तो जळून तयार झालेल्या विषाला मात्र वास नसतो.

१७/
आता कायद्याकडे. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा. संहिता स्वतः कायदा नाही. राज्याने वा महापालिकेने स्वीकारली तरच ती बंधनकारक होते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आली. त्यामुळे सुरक्षेचे मोजमाप दिल्लीत ठरते, सक्ती मुंबईत होते आणि तपासणी ठाण्यात वा कल्याणात.

१८/
महाराष्ट्राची सक्ती म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. त्याची अंमलबजावणी डिसेंबर २००८ पासून सुरू झाली आणि नियम २००९ मध्ये आले. या कायद्याने जबाबदारी विकासक, मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आणि संहितेतील उपाय बंधनकारक केले. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घेऊन दर जानेवारी व जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करायचे, हा त्याचा कणा. इमारत धोकादायक आढळली, तर ती रिकामी करण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा अधिकारही त्यात आहे.

१९/
कायदा मजबूत दिसतो, परंतु त्याची चौकट उंचीवर उभी आहे. संहितेच्या लेखी १५ मीटर वा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ ठरते. उंची वाढत जाते तशी यंत्रणेची अपेक्षाही वाढते. त्यातही हाताने वाजवायची धोक्याची घंटा आणि आपोआप धूर ओळखणारी यंत्रणा यांचे रकाने वेगवेगळे आहेत. पहिलीत कोणीतरी जागे असावे लागते, काच फोडावी लागते, बटण दाबावे लागते. डोंबिवलीच्या चार मजली जुन्या इमारतींवर तर या चौकटीचा भार फारच हलका पडतो.

२०/
तुलनेसाठी इंग्लंड पाहावे. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या नियमांनी घरमालकाला भाडेघराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा अलार्म लावणे बंधनकारक केले. कोळसा वा लाकूड जळणाऱ्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅसची शेगडी वगळता इंधन जाळणाऱ्या सर्व स्थिर उपकरणांना तो लागू झाला. भाडेकरार सुरू होतो त्याच दिवशी अलार्म वाजवून पाहण्याची जबाबदारीही मालकाची. येथे मोजमाप इमारतीच्या उंचीचे नसून माणूस झोपतो त्या घराचे आहे.

२१/
महाराष्ट्रात प्रत्येक राहत्या घराला अशी सक्ती करणारा नियम नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा तर घरांच्या संदर्भात उल्लेखही विरळाच. याचा अर्थ असा की ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील एखाद्या मनोऱ्यात पाण्याचे पाइप, होज रील आणि जिन्याजवळ घंटा असू शकते, आणि तरीही सदनिकेच्या शयनगृहात रात्री तीन वाजता जागे करणारे काहीच नसते. कायद्याने इमारतीचे रक्षण केले आणि दाराच्या आत मात्र तो फारसा शिरला नाही.

२२/
रात्री तीनची वेळ कल्पनेतून घेतलेली नाही. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईच्या गोरेगाव पश्चिमेतील एका पुनर्वसन इमारतीत वाहनतळाच्या पातळीवर आग लागली आणि धूर वर चढला. किमान सात जणांचा मृत्यू झाला आणि चाळीसहून अधिक जण जखमी झाले. झोपलेल्या कुटुंबांनी आग पाहिली तेव्हा जिना धुराने भरलेला होता. जिना हे इमारतीचे धुराडे बनले की वरच्या मजल्यावरील माणसाला मिळणारी मिनिटे फार मोजकी असतात. अलार्म त्याला ती मिनिटेच मिळवून देतो.

२३/
पुढच्याच वर्षी ही गोष्ट कल्याण-डोंबिवलीच्या दाराशी आली. जानेवारी २०२४ मध्ये डोंबिवलीजवळच्या खोणी-पलावा भागातील बहुमजली इमारतीत आग मजल्यामागून मजले चढत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण पश्चिमेच्या आधारवाडी परिसरात एका उंच निवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावर ज्वाळा दिसल्या. दोन्ही वेळा मोठी जीवितहानी टळली. वरच्या मजल्यांपर्यंत शिडी पोचवणे किती अवघड असते, हे मात्र जमलेल्या गर्दीने पाहिले.

२४/
कायद्याबाहेरची घरे हा आणखी एक पदर आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा परिसरातील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्या इमारतीला बांधकामाची परवानगीच खरी नाही, तिला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला कोठून असणार? अशा घरांत राहणारी कुटुंबे फसवली गेलेली असतात. आगीची सर्वांत कमी वर्दीही त्यांनाच मिळते.

२५/
यंत्र बसवले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. मिरचीची फोडणी, गणपतीतील धूप, वास्तुशांतीचा होम : मराठी घरात निरुपद्रवी धुराचे प्रसंग पुष्कळ. भोंगा दोनदा विनाकारण वाजला की तिसऱ्यांदा त्याची बॅटरी काढली जाते. सोसायटीच्या नियंत्रण फलकावरचा आवाज बंद करून ठेवण्यामागेही हाच कंटाळा असतो. त्यावर उपाय आहे. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारे यंत्र लावावे आणि धुराचे यंत्र शयनगृहाबाहेरच्या पॅसेजमध्ये. गॅस गीझरची टाकी-ज्योत न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावी, हा त्याहून जुना आणि स्वस्त उपाय.

२६/
दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, त्याची ती आठवण. जवान वर्दी मिळाल्यावरच निघतात. वर्दी मिळण्याआधीच्या मिनिटांत ते काहीही करू शकत नाहीत. ती मिनिटे घरातल्या माणसांची असतात, आणि ती झोपेत गेली की बंब कितीही वेगाने आला तरी उशिराच येतो.

२७/
साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात उंदीर, वात आणि झोपलेली माणसे होती. आज वातीच्या जागी मोबाइलचा चार्जर आहे, जिन्याखाली चार्जिंगला लावलेली दुचाकी आहे, बंद न्हाणीघरातली निळी ज्योत आहे. झोपलेली माणसे तीच आहेत. जानेवारी आणि जुलैचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात पाहायला मागता येते. सभासदाने ते मागितले, तर सचिवाला ते शोधावे लागते. आणि ते सापडले नाही, तर पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी विषय मिळतो.

(धागा समाप्त)